मैदान तेच, विद्यापीठ चौथे

१/ सोलापूरचे दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झाले, ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. पुढे १९४९ मध्ये पुणे, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी आणि २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ आले. मैदान जागचे हलले नाही. खेळाडूच्या छातीवरचे विद्यापीठ मात्र तीनदा बदलले.

२/ अमेरिकेत पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड २०२४ मध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या क्रीडासंघटनेत गेले, ते दूरचित्रवाणीच्या पैशामुळे. आपल्याकडे सीमा आखल्या शासनाने, संलग्नता आणि परीक्षांसाठी; खेळ त्यांच्यामागून आला.

३/ २००४ पूर्वी विद्यापीठाच्या संघात स्थान मिळवायचे, तर सोलापूरच्या खेळाडूला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याशी झुंजावे लागे. त्यानंतर एकाच जिल्ह्याचा स्वतंत्र संघ झाला.

४/ दार जवळ आले, हा मोठाच लाभ. परंतु कुस्तीच्या पंढरीतील मल्लांशी निवडीआधीच होणारी कसोटी संपली; आता गाठ पडते ती थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेत.

५/ म्हणून घरातील जुने क्रीडा प्रमाणपत्र काढाल, तेव्हा पदकाआधी त्यावरील विद्यापीठाचे नाव वाचा. त्या काळी सोलापूर कोणाकडून खेळत होते, ते तिथेच कळेल.