रुमालाखालचा भाव

निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा आहे. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो. कांद्याच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी सरकतो. कुणी दोन-चार कांदे उचलून मान दाबून पाहतो, कुणी पत्तीचा रंग न्याहाळतो. मग क्विंटलमागे बोली चढते. शेवटच्या बोलीचा आकडा चिठ्ठीवर येतो. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर जाहीर होतात.

माल पाहून घेणारा खरोखर किती मोजायला तयार आहे, याची ही नोंद. ती पूर्वी अशी उघड्यावर होत नव्हती.

राज्यातल्या अनेक बाजारांत ‘हत्ता’ पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल पाहायचा. वऱ्हाडात कारंज्याला 1886 मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. शाही कृषी आयोगाने 1928 मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा कायदा 1939 चा, महाराष्ट्राचा 1963 चा. जाहीर लिलाव आला तसा भावही चारचौघांत बोलला जाऊ लागला.

तरी उघड आकडा म्हणजे खरा आकडा, असे नाही. हंगामाच्या मुहूर्ताचा लिलाव घ्या. पहिल्या ट्रॉलीची पूजा होते, शेतकऱ्याला फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात आणि बोली चढवून लावतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच भाव छापून येतो. पण त्या भरवशावर कुणी आठवड्याचा हिशोब मांडत नाही. जाणकार सर्वसाधारण दर पाहतात. गोल्टीच्या, म्हणजे बारीक कांद्याच्या, एका ट्रॉलीने किमान दर पाडला, तरी त्यावरून बाजार पडला असे कुणी म्हणत नाही.

बाजारातली ही समज कंपन्यांच्या जाहिरातींच्या इव्हेंटमध्ये दिसत नाही; तिथे मुहूर्ताचा आकडाच बहुधा पुढे केला जातो. अलाहाबादच्या 2013 च्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने शंभराहून अधिक ढाब्यांतल्या पोळ्यांवर ‘लाइफबॉयने हात धुतले का?’ अशा अर्थाचा हिंदी प्रश्न उमटवला. अशा सुमारे 25 लाख पोळ्या वाटल्या गेल्या. कल्पना झकास होती. मात्र 25 लाख हा पोळ्यांचा आकडा झाला. जेवण्याआधी किती जणांनी साबण लावला, हे त्यातून कळत नाही. फुकट नमुना घेऊन स्टॉलवरच्या मुलीला ‘छान आहे’ म्हणणारे गिऱ्हाईकही तसेच. हातात पिशवी दिल्यावर नाही कोण म्हणेल?

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा 2026-27 मध्ये आहे. तिथेही स्टॉल लागतील, नावे आणि मोबाइल नंबर लिहून घेतले जातील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आहे, तेव्हा नंबर कशासाठी हवा ते सांगून संमती घ्यावी. नमुना घेणारे आणि पैसे मोजून घेणारे यांची नोंद वेगळी ठेवावी. आणि मेळा उठल्यावर महिन्याभराने त्यातल्या काहींना फोन करून एवढेच विचारावे: परत घेतले का?