चुलीपासून गॅस शेगडीपर्यंत : पेडगाव (जि. परभणी) येथील स्वयंपाकघरातील दुरुस्तीचा इतिहास

प्रास्ताविक :
पेडगाव म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास भीमाकाठचा बहादूरगड आठवतो. ते पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातील होय. प्रस्तुत लेखाचा संबंध परभणी जिल्ह्यातील पेडगावशी असून येथे विषय गडाचा नाही, शेगडीचा आहे.

मराठवाड्याचा आधुनिक इतिहास लिहिताना मुक्तिसंग्राम, भाषावार प्रांतरचना, दुष्काळ व नामांतर हे विषय अभ्यासकांनी प्राधान्याने हाताळले. ते योग्यच आहे. परंतु या सर्व घडामोडींच्या काळात घराघरांतील स्वयंपाकघरातही एक स्थित्यंतर घडत होते, त्याची नोंद अभावानेच आढळते. जेथे आढळते तेथे ती गॅसजोडण्यांच्या संख्येच्या रूपात असते. जोडणी ही एका दिवसाची घटना आहे. शेगडी नीट पेटती ठेवणे हे मात्र वर्षानुवर्षांचे काम असते, आणि ते कोणी केले, कोणत्या ज्ञानाच्या आधारे केले, हा प्रश्न आकडेवारीत उतरत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे. लेखक याच गावच्या घरात वाढलेला असल्याने काही निरीक्षणे घरची आहेत, हे प्रारंभीच नमूद करणे इष्ट ठरेल.

चूल आणि तिची डागडुजी :
चूल ही विकत आणण्याची वस्तू नव्हती. ती घरातील स्त्रीने घातलेली असे. परभणी परिसरातील काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून चुलीसाठी गावठाणातील पांढरी माती घेत, तीत भुसा व मिळाल्यास घोड्याची लीद मिसळत. शेजारी उल्हा, मागे भानवस. जळण म्हणून कापसाच्या पळाट्या, तुराट्या व गोवऱ्या. चुलीला तडा गेला तर दुसऱ्या दिवशीच्या पोतेऱ्याबरोबर तो बुजविला जाई. बिघाड ओळखणारी, कारण जाणणारी आणि तो दुरुस्त करणारी व्यक्ती एकच होती. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. फुंकणीने जाळ करताना डोळ्यांत गेलेला धूर आणि छातीत भरलेली काजळी यांची किंमत त्याच स्त्रीने मोजली. तथापि दुरुस्तीचे ज्ञान तिच्या हाती होते, एवढे खरे.

हा धूर कमी करण्याचा प्रयत्न परभणी ज्या राज्यात होती त्याच हैदराबाद राज्यात झाला, ही बाब मराठी अभ्यासकांच्या फारशी लक्षात आलेली नाही. हैदराबाद अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली निर्धूर चूल तयार केली व १९५३ मध्ये तिच्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे केंद्र शासनाने १९८३ च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ मध्ये बंद झाला. निर्धूर चुलीत एक अडचण मुळातच होती. धुराडे वेळोवेळी झाडावे लागते. ते काजळीने तुंबले की धूर उलट फिरून घरात येतो आणि मग जुनी चूल बरी वाटू लागते. वाटपाची तरतूद झाली, झाडणाऱ्याची झाली नाही.

स्टो आणि पिन :
स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये तयार केलेला हवेच्या दाबावर चालणारा रॉकेलचा स्टो पुढे भारतीय घरांत रुळला. १९७७ मध्ये इंडियन ऑइलने 'नूतन' हा कमी तेलात चालणारा वातीचा स्टो आणला. यांपैकी पंपाचा स्टो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याने घरात दुरुस्तीची एक नवी सवय रुजविली. रॉकेलच्या काजळीने त्याचे छिद्र वरचेवर तुंबे आणि ते मोकळे करण्यासाठी पत्र्याच्या पट्टीला लावलेली बारीक तारेची पिन प्रत्येक घरात असे. पंपातील चामडी वायसर वाळला की त्याला खोबरेल तेल लावीत. एवढ्यावर भागले नाही तर तालुक्याच्या बाजारातील स्टो दुरुस्त करणाऱ्याकडे जावे लागे. येथे प्रथमच दुरुस्तीचे ज्ञान घराबाहेर, आणि पुरुषाच्या हाती गेले.

या ठिकाणी थोडे विषयांतर आवश्यक आहे. 'स्टोचा भडका' हे शब्द एका विशिष्ट काळातील जबाबांत व वृत्तपत्रांत वारंवार येतात. भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीसंबंधीचे कलम ३०४-ब समाविष्ट झाले, त्यामागे जळून मेलेल्या विवाहितांचा प्रश्न होता. स्टो खरोखर भडकत असत, हे नाकारता येत नाही. परंतु यंत्राचा बिघाड हे सोयीचे कारणही ठरू शकत होते. म्हणून अशा नोंदी वाचताना अभ्यासकाने यंत्राची तपासणी कोणी केली, हे आधी विचारले पाहिजे.

गॅसचे आगमन :
भारतात द्रवरूप पेट्रोलियम वायूची घरगुती विक्री १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत सुरू झाली. बर्मा-शेल कंपनीचा 'बर्शेन' गॅस मुंबई-पुण्याच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही येतो. इंडियन ऑइलची 'इंडेन' १९६० च्या दशकाच्या मध्यास आली. १९७४ मध्ये एसो व १९७६ मध्ये बर्मा-शेल या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम अस्तित्वात आल्या. नवी जोडणी मिळण्यासाठी वर्षे लागत. खासदारांच्या शिफारशीची कुपने हा त्या काळचा मोठा आधार होता. ग्रामीण भागासाठी २००९ मध्ये राजीव गांधी ग्रामीण वितरक योजना आली आणि १ मे २०१६ रोजी बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला.

या व्यवस्थेत एक विभागणी आहे, तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सिलिंडर व रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे असतात, शेगडी मात्र घरमालकाची. उज्ज्वलेच्या पहिल्या टप्प्यात जोडणीसाठी १६०० रुपयांचे साहाय्य होते, शेगडी हप्त्याने घेता येई. सिलिंडर व रेग्युलेटरमागे संपूर्ण यंत्रणा उभी आहे. बर्नर तुंबला तर मागे कोणी नाही.

पिवळी ज्योत :
लेखकाच्या घरी दोन बर्नरची शेगडी आल्यानंतर वर्षभराने एका बाजूची ज्योत पिवळी होऊ लागली. भांड्यांची बुडे काळी पडू लागली. वितरकाकडे विचारणा केली असता शेगडी शहरात आणावी असे सांगण्यात आले. मग गावातीलच एका जाणत्या माणसाने जेटमध्ये पिन घातली. तीच स्टोची पिन. ज्योत उंच झाली, पण पूर्वीपेक्षा अधिक पिवळी झाली आणि गॅस लवकर संपू लागला.

असे का झाले? रेग्युलेटरमधून गॅस ठराविक दाबाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतक्या दाबाने येतो. जेटच्या सूक्ष्म छिद्रातून वेगाने बाहेर पडताना तो भोवतालची हवा ओढून घेतो. मिश्रण नळीत दोहोंचे मिश्रण होते आणि ते बर्नरच्या छिद्रांवर निळ्या ज्योतीने जळते. पितळी जेटचे छिद्र मोजून पाडलेले असते. पोलादी तारेने ते रुंदावले की गॅस वाढतो, पण हवा त्या प्रमाणात वाढत नाही. अपुऱ्या हवेत जळालेल्या गॅसची काजळी होते. स्टोसाठी पिन हे त्याचे नेहमीचे साधन होते. तेच ज्ञान गॅस शेगडीवर आणल्यावर बिघाडाचे कारण ठरले. एका तंत्राचे शहाणपण दुसऱ्या तंत्रावर तसेच वापरले जाते तेव्हा काय घडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण लेखकास ठाऊक नाही.

जेट बदलला. काही महिन्यांनी ज्योत पुन्हा पिवळी झाली. या वेळी लेखकाच्या मातोश्रींनी पिन मागितली नाही. दोन्ही बर्नर एकाच मापाचे होते. त्यांनी शेगडी थंड असताना ते उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. पिवळी ज्योत बर्नरबरोबर दुसऱ्या बाजूस गेली. म्हणजे दोष जेटमध्ये नव्हता, बर्नरमध्ये होता. आणि त्याचे कारणही त्यांनीच सांगितले : ज्या बाजूला भाकरी होते तीच बाजू बिघडते. ज्वारीची भाकरी थापताना खाली पीठ भुरभुरावे लागते. तवा उतरवून भाकरी जाळावर शेकली की सुटे पीठ खाली झडते. चुलीत ते राखेत मिसळून जाई. बर्नरच्या छिद्रांत ते साचून करपते. उतू गेलेले दूध त्यावर बसते आणि छिद्रे बुजतात. शेगडी बनविणाऱ्याने वरण-भाताचा विचार केला असावा, भाकरीचा नव्हे.

त्यानंतर घरी एक पद्धत पडली. आठवड्यातून एकदा बर्नर काढून कोमट साबणाच्या पाण्यात ठेवायचा, मऊ ब्रशने छिद्रे मोकळी करायची, पितळ चिंचेने घासायचे, उन्हात पूर्ण वाळवायचा. ओला बर्नर बसविला तर ज्योत फडफडते. मिश्रण नळीत किडामुंगी घर करते, म्हणून तीही आतून पुसायची. बटण जड फिरू लागले तर मात्र घरी खोलायचे नाही. आतील ग्रीस वाळलेले असते, आणि ते काम चुकले तर गॅस गळतो.

गळती आणि घराची रचना :
गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हा वायू हवेहून जड असल्याने खाली साचतो. पूर्वी सर्व स्वयंपाक बसून होई, म्हणून कित्येक घरांत शेगडीही प्रथम जमिनीवर, चुलीशेजारी आली. वास्तविक ती सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. ओटा ही त्यामुळे केवळ सोय राहत नाही. ज्या घरात धान्याची पोती आहेत तेथे उंदीर आहेत, आणि उंदीर रबरी नळी कुरतडतात. त्यावर उपाय म्हणून नळीला कापड गुंडाळलेले दिसते. पण त्याने भेगा झाकल्या जातात. प्रमाणित सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावयाची असते, तिच्यावरील साल वाचता आले पाहिजे. गळतीचा संशय आल्यास सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहतात. काडी ओढून पाहण्याची चाल घातक आहे. वास तीव्र असेल तर रेग्युलेटर बंद करणे, दारे-खिडक्या उघडणे, विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावणे आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळविणे, हा क्रम आहे. २०१६ पासून ही सोय उपलब्ध आहे.

आमच्या घरी अंगणातील चूल अद्याप आहे. अंघोळीचे पाणी तिच्यावर तापते, आणि पळाट्या निघाल्या की काही दिवस भाकरीही. स्टो मोडीत गेला. त्याची पिन मातोश्रींनी फेकली नाही. ती शिवणयंत्राच्या डब्यात आहे, तेल घालण्याचे भोक मोकळे करण्यास उपयोगी पडते.