तबकडीवरचा तंबोरा

आमच्या माळ्यावर बाबांची एक लाकडी पेटी होती. तिच्यात चाळीसेक ध्वनिमुद्रिका. काही व्हायनलच्या एल.पी., पण बऱ्याचशा लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. गोव्याचा पावसाळा, बुरशी धरायचीच. बाबा गेल्यावर ठरवले, हे सगळे संगणकावर उतरवायचे. कचेरीतल्या माणसाला रविवार तेवढा आपला असतो.

पहिल्याच रविवारी घोडचूक झाली. व्हायनलवरची बुरशी स्पिरिटने निघाली, म्हणून तोच बोळा लाखेच्या तबकडीवर फिरवला. पॉलिशवाला सुतार लाख स्पिरिटातच विरघळवतो हे लहानपणापासून बघत आलो, तरी हात थांबला नाही. ती तबकडी कायमची गेली.

तेव्हा लक्षात आले की आवाज चांगला हवा असेल, तर आधी तबकडीचा इतिहास माहीत हवा.

१९०२ साली फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलावंताने भोंग्यासमोर गायचे आणि त्याच कंपनांनी मेणात चर कोरला जायचा. विजेवरचे मुद्रण आले १९२५ मध्ये. १९४८ साली एल.पी. आली आणि चर एकदम अरुंद झाला. एल.पी.ची सुई टोकाला इंचाचा सुमारे एक सहस्रांश, तर ७८ ची तीन सहस्रांश. एल.पी.ची सुई जुन्या तबकडीवर ठेवली की ती रुंद चराच्या तळाशी, साचलेल्या धुळीत घासत जाते. माझ्या पहिल्या मुद्रणात गाण्यापेक्षा खरखर जास्त होती ती यामुळेच. सुई बदलली आणि निम्मे काम झाले.

गतीचेही तसेच. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ वरच मुद्रित झालेल्या असत असे नाही. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ पाव सुराने उतरतो. गायिकेचा षड्जच आपण बदलून टाकतो, वाचकहो!

बाकी पथ्ये साधी आहेत. तबकडीयंत्राची तार थेट संगणकाच्या मायक्रोफोनच्या भोकात खुपसू नये; मधे फोनो प्रीअँप्लिफायर घालून लाइन-इनमध्ये जोडावी. मात्र हे उपकरण सहसा १९५४ च्या सुमारास ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार खर्ज-तार जुळवते. त्याआधीच्या तबकड्यांचे हिशेब वेगळे असल्यामुळे तिथे कान लावून सुधारणा करावी लागते. मुद्रण २४ बिटचे ठेवावे आणि पातळी कमीच ठेवावी. एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

सुई बदलल्यावर केसरबाई केरकरांची एक तबकडी उतरवली. केसरबाई आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. मैफलीत राग सावकाश उलगडणाऱ्या या गायिकेला इथे तीन-साडेतीन मिनिटांत सगळे सांगायचे होते. उरलीसुरली खरखर मी संगणकावर पुसून टाकली आणि मोठ्या अभिमानाने आईला ऐकवली. ती म्हणाली, "गळा त्यांचाच आहे. पण तंबोरा कुठे गेला?"

खरखरीबरोबर मी तंबोराही पुसला होता. स्वरापूर्वीचा श्वासही. संगणकाला दोन्हींत फरक कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा. तेव्हापासून मी दोन प्रती ठेवतो. एक जशी उतरली तशी, तिला हात लावायचा नाही. दुसरी ऐकण्यासाठी, अगदी जपून झाडलेली.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर सुईही दिली आणि वेष्टनावर ती कशी नि किती गतीने वाजवायची याची आकृती कोरली. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याची एवढी काळजी!

आमच्या पेटीतल्या तबकड्यांवरही आता मी चिठ्ठ्या लावल्या आहेत : सुई कोणती, गती किती, आणि स्पिरिट लावू नये.