जुनी मोटार घेताना केवळ मीटरवर विसंबू नका

चौघांच्या कुटुंबासाठी जुनी वॅगन-आर, अल्टो किंवा सँट्रो घ्यायची म्हटली, की बहुतेकांची नजर प्रथम किलोमीटरच्या आकड्यावर जाते. मात्र हा आकडा मागे फिरवता येतो. त्यामुळे मीटर, गाडीवरील खुणा आणि कागदपत्रे या तिन्हींचा परस्परांशी मेळ बसतो का, हे तपासणे हीच मोटारीच्या भरवशाची खरी कसोटी होय.

झीज काय सांगते?
मीटर ३० हजार किलोमीटर दाखवत असूनही पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंग झिजून चकाकत असेल, तर शंका घ्यावी. टायरच्या बाजूवरील चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कमी वापरलेल्या गाडीचे चारही टायर नंतरच्या वर्षांतले असतील, तर कारण विचारावे. सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांवर त्या त्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. ती बिले आवर्जून मागावीत.

इंजिन थंडच हवे
आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे काही दोष लपतात. म्हणून ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे लक्षण आहे. इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर आला, तर सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असण्याची शक्यता असते. दोन्ही दुरुस्त्या खर्चिक ठरतात.

पुराच्या खुणा
मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, तर सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण वायरिंगमधील गंज पुढे त्रास देतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचे डाग आहेत का, तसेच सीटखालील रुळांवर आणि स्टेपनीच्या खळग्यात गंज आहे का, हे पाहावे.

कागदपत्रे
आरसीवरील चॅसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. सीएनजी किटची नोंद आरसीवर असणे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली असणे आवश्यक आहे. विम्याच्या पॉलिसीवरील 'नो क्लेम बोनस'ही बोलका असतो. गाडी जुनी, मालक एकच आणि विमा अखंड असूनही बोनस शून्य असेल, तर अलीकडे दावा केला गेला असावा. त्याचे कारण विचारावे.

व्यवहारानंतर फॉर्म २९ व ३० भरून आरसी आपल्या नावावर करून घ्यावी. मात्र बयाणा देण्यापूर्वी स्वतःच्या माहितीतील मेकॅनिककडून गाडी तपासून घेणे हिताचे. त्यास विक्रेता नकार देत असेल, तर तो व्यवहार सोडून देणेच श्रेयस्कर.