हॅलचा आवाज

गेल्या महिन्यात एक छोटंसं काम माझ्याकडे आलं. आमच्या ॲपमध्ये बोलणारा आवाज निवडायचा. ड्रॉपडाउनमध्ये बारा आवाज, खाली दोन स्लायडर: वेग आणि पट्टी. मी आणि शेजारचा टेस्टर अर्धा दिवस "तुमची विनंती नोंदवली आहे" हे एकच वाक्य ऐकत बसलो. शेवटी सात नंबरचा घेतला. का, ते दोघांनाही धड सांगता येईना. 'विश्वासू वाटतो', एवढंच.

त्याच शनिवारी '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) पुन्हा पाहिला. चौथ्यांदा. (रूममेट याही वेळी माकडं संपायच्या आत झोपला.) आणि लक्षात आलं, की स्टॅनली कुब्रिकसमोरही नेमका हाच प्रश्न होता. फक्त आम्हाला अर्धा दिवस लागला, त्याला दोनेक वर्षं.

हॅल ९००० म्हणजे गुरू ग्रहाकडे निघालेल्या यानाचा कॉम्प्युटर. चेहरा नाही, हात नाहीत. एक लाल डोळा आणि आवाज. तो माणसं मारतो, तेही आवाज अजिबात न चढवता. म्हणजे अख्खं पात्र फक्त आवाजावर उभं करायचं होतं.

शूटिंग लंडनजवळच्या बोरहॅमवुडला झालं. आधी नायजेल डेव्हनपोर्ट हा ब्रिटिश नट सेटवर हॅलची वाक्यं वाचायचा. ते काही जमलं नाही. मग सहायक दिग्दर्शक डेरेक क्रॅकनेल वाचायला लागला, तेही अस्सल लंडनच्या गल्लीतल्या कॉकनी उच्चारात. नायकाचं काम करणाऱ्या कीर डलियाने नंतर सांगितलं, की तो हॅल त्याला मायकेल केनसारखा ऐकू यायचा! आता तो दाराबाहेर अडकल्याचा प्रसंग आठवा. डलियाचा ताणलेला चेहरा आपल्याला दिसतो, पण आपण ऐकतो तो आवाज त्याने सेटवर कधी ऐकलेलाच नव्हता.

पुढे कुब्रिकने मार्टिन बाल्समकडून हॅलचा संपूर्ण भाग रेकॉर्ड करून घेतला. बाल्सम साधा नट नव्हे, 'अ थाउजंड क्लाउन्स'साठी ऑस्कर मिळालेला. पण कुब्रिकला तो फारच रोजच्या बोलण्यातला अमेरिकन वाटला, आणि सगळं रेकॉर्डिंग बाजूला पडलं. चांगल्या नटाचं चांगलं काम, पण जागा चुकलेली.

आता गोष्टीतलं खरं वळण. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डने १९६० साली 'युनिव्हर्स' नावाचा खगोलशास्त्रावरचा माहितीपट काढला होता. कुब्रिकने तो अनेकदा पाहिला होता. त्याचं निवेदन केलं होतं डग्लस रेनने. रेन मूळचा विनिपेगचा, रंगभूमीवरचा माणूस. ऑन्टारिओतल्या स्ट्रॅटफर्ड महोत्सवात १९५३ पासून शेक्सपिअर करणारा. कुब्रिकने त्याला घेतलं ते हॅलसाठी नव्हेच, '२००१'च्या निवेदनासाठी! तेव्हा पटकथेत भरपूर निवेदन होतं. मग कुब्रिकने ते सगळं काढून टाकलं आणि निवेदकाला सांगितलं, तू हॅल हो.

मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. निवेदकावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्याला सगळं माहीत असतं, तो कुणाची बाजू घेत नाही, त्याला काही नको असतं. कुब्रिकने हा विश्वास उचलून एका खुनी पात्राच्या तोंडी ठेवला. हॅल खोटं बोलतो तेव्हाही तो माहितीपटासारखाच वाटतो. भीती वाटते ती त्यामुळे.

रेनचं काम किती वेळात झालं असेल? दोन दिवसांत मिळून साधारण दहा तास. शूटिंग केव्हाच संपलेलं, त्याच्यासमोर दुसरा नट नाही. कुब्रिक तीनेक फुटांवर बसून प्रसंग समजावायचा, बाकीच्या पात्रांची वाक्यं स्वतः वाचायचा आणि छोट्या छोट्या सूचना द्यायचा. हे थोडं काळजीने म्हण, ते जरा जवळून. आवाज सैल राहावा म्हणून रेन अनवाणी, पाय उशीवर ठेवून बसला होता म्हणे.

शेवटी हॅल बंद पडताना 'डेझी बेल' हे जुनं गाणं म्हणतो. ते आकाशातून पडलेलं नाही. १९६१ साली बेल लॅब्जमध्ये आयबीएम ७०४ या मशीनने हेच गाणं गाऊन दाखवलं होतं. रेनकडून कुब्रिकने ते जवळजवळ ५० वेळा गाऊन घेतलं: वेगवेगळ्या लयीत, एकसुरी, नुसतं गुणगुणून. आणि वापरला कुठला टेक? पहिला! (क्लायंटने शेवटी व्हर्जन वनच मागितल्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांनी हात वर करा.)

बघा ना गंमत. मशीन माणसासारखं गायचा प्रयत्न करत होतं, आणि सात वर्षांनी पडद्यावर एक माणूस मरणाऱ्या मशीनसारखा गात होता. पाहणाऱ्याच्या पोटात मात्र कालवतं ते त्या माणसामुळेच.

रेन पुढे १९८४ च्या '२०१०'मध्ये पुन्हा हॅल झाला, पण आयुष्यभर मुख्यतः नाटकंच करत राहिला. २०१८ साली, वयाच्या ९० व्या वर्षी तो गेला. निदान श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे. २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते. आमच्या चेहऱ्याची आणि आवाजाची नक्कल करायची तर आम्हाला विचारा आणि पैसे द्या, ही त्यांची एक मागणी होती.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर सात नंबरच्या आवाजाची सगळी कागदपत्रं उघडली. सँपलिंग रेट आहे, फाइल फॉरमॅट आहे, किंमत आहे. कोणीतरी, कुठल्यातरी स्टुडिओत, तासन् तास वाक्यं वाचली असणार. समोर बसून कोणी सूचनाही दिल्या असतील.

नाव कुठेच नाही. व्हेंडरला मेल टाकलाय. बघू.