डोमेन-नावे, व्यपगत

नोंदणीची मुदत संपूनही नूतनीकरण न झालेली इंटरनेटवरील स्थाननावे. संगणकांचे अंकी पत्ते लक्षात ठेवणे अवघड असल्यामुळे त्यांऐवजी नावे वापरण्याची पद्धती अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ‘डॉट कॉम’ वर्गातील पहिले नाव सिम्बॉलिक्स या कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी नोंदविले. त्या काळी नोंदणी निःशुल्क होती. सप्टेंबर १९९५ पासून मात्र नेटवर्क सोल्यूशन्स ही कंपनी दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारू लागली आणि नावाला भाडेपट्ट्याचे स्वरूप आले. नावाची ‘मालकी’ असे सर्रास म्हटले जाते, ते सैलपणानेच.

पट्टा विसरण्याचा दोष केवळ लहानांकडूनच घडला असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे नूतनीकरण राहून गेल्याने हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपली पत्रे उघडता येईनात. एका त्रयस्थाने ३५ डॉलर भरल्यावर सेवा सुरळीत झाली. अशा चुका सुधारता याव्यात म्हणून ‘डॉट कॉम’मध्ये २००३ पासून सोडवणुकीची मुदत देण्यात आली. मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी नाव जास्तीत जास्त ४५ दिवस राखू शकते. ते वगळल्यानंतर ३० दिवसांत मूळ धारकास जादा शुल्क देऊन ते सोडविता येते. पुढील ५ दिवसांनी ते सर्वांस खुले होते. प्रत्यक्षात मोलाची नावे तेथवर क्वचितच पोहोचतात. नोंदणी करणाऱ्या कंपन्याच त्यांचा आधी लिलाव करतात.

नाव हस्तांतरित झाले, तरी त्याच्याकडे निर्देश करणारे जुने दुवे तसेच राहतात आणि त्या नावावर येणारी पत्रे नव्या धारकाच्या हाती पडू शकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील ब्राउन खटल्यात (२०११) न्यायमूर्ती ॲलिटो यांनी आपल्या मतपत्रात उल्लेखिलेले एक संकेतस्थळ पुढे व्यपगत झाले. ते नाव घेणाऱ्याने तेथे अशा संदर्भांच्या क्षणभंगुरतेवर टिप्पणी लिहून ठेवली. २०२४ मधील प्रकार अधिक गंभीर होता. ‘डॉट मोबी’ वर्गाच्या धारकांची माहिती पुरविणाऱ्या यंत्रणेचे जुने नाव सुरक्षा-संशोधकांना अवघ्या २० डॉलरमध्ये मिळाले. शासकीय व लष्करी संगणक अद्याप त्याच पत्त्यावर विचारणा करीत होते, आणि संकेतस्थळांच्या खरेपणाची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांपैकीही काहींची भिस्त त्याच्याच उत्तरांवर होती.