मुलाम्याची कसोटी

मुलामा हा अरबीतून आलेला शब्द आपल्या बोलण्यात सहसा निंदेसाठीच येतो. वर सोने आणि आत पितळ असा त्याचा ध्वनी आहे. आम्ही राहतो त्या रायपूरच्या बूढापाऱ्यापासून सदर बाजाराची सराफी दूर नाही. सराफाचा काळा दगड आपल्या परिचयाचा आहे. दागिना त्यावर घासावा, उमटलेल्या रेघेचा रंग पाहावा, तिजवर आम्ल सोडावे आणि कस सांगावा, ही रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली. परंतु मुलामा चांगला जाड असला तर रेघ मुलाम्याचीच उमटते. म्हणून जाणता सराफ दागिन्याच्या आडोशाच्या जागी कानस लावून आतला धातू उघडा करी. वरचा थर किती बोलतो आणि खालचा किती, हा प्रश्न असा जुनाच आहे. काठिण्य मोजणाऱ्या शास्त्रज्ञांस हाच प्रश्न वेगळ्या रूपाने भेटला आणि त्याच्या उत्तरासाठी त्यांस अखेर गणकयंत्राकडे जावे लागले. ती हकीकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

काठिण्याची पहिली शास्त्रीय कसोटी ओरखड्याची होती. फ्रीड्रिख मोस ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजांची पायरी लावली. तळाशी शंखजिरे, नवव्या पायरीवर कुरुंद आणि दहाव्यावर हिरा. जो दुसऱ्यावर ओरखडा काढील तो त्याहून कठीण. ह्या पायरीने क्रम कळतो, प्रमाण कळत नाही. कुरुंद आणि हिरा ह्यांच्यामधले अंतर इतर पायऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे आहे, हे तीवरून समजावयाचे नाही. कारखान्यांना आकडा हवा होता. तो स्वीडनच्या योहान ब्रिनेल ह्यांनी १९०० साली दिला. दहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी तीन हजार किलोग्रॅम भाराने धातूवर दाबावयाची आणि पडलेल्या खळग्याचे क्षेत्रफळ मोजावयाचे. भाराला क्षेत्रफळाने भागले की काठिण्य हाती येते. पुढे इंग्लंडातील व्हिकर्स कंपनीत स्मिथ व सँडलंड ह्यांनी १९२२ च्या सुमारास गोळीऐवजी हिऱ्याची चौकोनी मनोऱ्यासारखी अणी वापरली.

ह्या कसोट्या आमच्या भागाला परक्या नाहीत. १९५६ साली रायपुरास खाणकाम व धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय स्थापन झाले. तेच आजचे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान. १९५९ साली शेजारच्या भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. भिलाईच्या रुळासारख्या जाडजूड वस्तूवर गोळी दाबली तर खळगा रुळातच राहतो आणि आकडा रुळाचाच मिळतो. तेथे शंकेला जागा नाही.

शंका निर्माण झाली ती लेपांमुळे. भोके पाडण्याच्या गिरमिटाच्या पात्यावर टायटेनियम नायट्राइडचा सोनेरी लेप देतात. त्याची जाडी दोनतीन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोनतीन हजारांश असते. ह्या मुलाम्यात फसवणूक नाही. खालच्या पोलादाहून तो दुपटीहून अधिक कठीण असतो आणि त्याची झीज थोपवितो. पण त्याचे काठिण्य मोजावे कसे? मोठ्या भाराने अणी दाबली तर ती लेप ओलांडून पोलादात उतरते. आकडा मग धड लेपाचा नसतो, धड पोलादाचाही नसतो. म्हणून एक व्यवहारी नियम रूढ झाला: लेपाच्या जाडीच्या एकदशांशाहून खोल जाऊ नये. दोन मायक्रोमीटर लेपाला हा नियम लावला तर खोली मायक्रोमीटरचा पाचवा भाग भरते. व्हिकर्स अणीच्या ठशाचा कर्ण खोलीच्या सातपट, म्हणजे दीड मायक्रोमीटरहून कमी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडा नीट मोजता येत नाहीत. यास्तव ठसा पाहण्याऐवजी भार आणि खोली दोन्ही सतत नोंदणारी यंत्रे निघाली. त्या नोंदीवरून काठिण्य काढण्याची ऑलिव्हर आणि फार ह्यांची १९९२ सालची रीत जगभर प्रमाण मानली गेली.

तथापि एकदशांशच का, विसांश का नव्हे, हे अणीखाली डोकावल्याशिवाय कळणारे नव्हते. तेथे डोळा पोहोचत नाही, गणित पोहोचते. विमानाच्या पंखांच्या हिशोबासाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप ह्यांनी १९५६ साली एक पद्धत मांडली आणि १९६० साली क्लफ ह्यांनी तिचे नामकरण केले. तीत वस्तूचे शेकडो लहान घटक पाडतात. प्रत्येक घटक शेजाऱ्याला किती रेटतो ह्याची समीकरणे मांडतात आणि ती एकत्र सोडवितात. लेपासाठी अणीखाली बारीक आणि दूर भरड असे जाळे विणतात. चौकोनी अणीच्या जागी तेवढ्याच खोलीला तेवढेच क्षेत्रफळ देणारा, ७०.३ अंशांचा अर्धकोन असलेला शंकू कल्पितात. मग भार थोडाथोडा वाढवून प्रत्येक टप्प्याला कोणता घटक कायमचा दबला ते पाहतात. हे काम हातांनी होणारे नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक ह्या देशी गणकयंत्राच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. असे जाळे तेवढ्यात बसविणे दुर्घट होते. १९९१ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात परम ८००० तयार झाले, तोवर मोठे जाळे सोडविणे आवाक्यात आले होते.

लेपांच्या बाबतीतला महत्त्वाचा टप्पा १९८८ चा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भट्टाचार्य आणि निक्स ह्यांनी लेप व त्याखालचा पाया ह्यांच्या निरनिराळ्या जोड्या गणकयंत्रावर दाबून पाहिल्या. कठीण पायावरचा मऊ लेप आणि मऊ पायावरचा कठीण लेप ह्यांचे वागणे एकाच सूत्रात बसत नाही, असे त्यांस आढळले. मऊ लेप असला तर दबणे बराच वेळ लेपातच राहते. लेप कठीण असला तर तो शाबूत दिसत असतानाच खालचा पाया खचू लागतो. म्हणजे एकदशांशाचा नियम सर्व लेपांस सारखा लागू नाही. ज्या सोनेरी पात्याचे उदाहरण वर दिले, तेथेच अधिक सावध राहावयास हवे.

ह्यापुढचे दोन निष्कर्ष आम्हांस विशेष मोलाचे वाटतात. १९९८ साली बोल्शाकोव्ह आणि फार ह्यांनी गणकयंत्रावरच दाखविले की काही धातू अणीभोवती वर फुगून येतात आणि तेव्हा प्रमाण मानलेल्या रीतीने काढलेले क्षेत्रफळ साठ टक्क्यांपर्यंत कमी भरू शकते. क्षेत्रफळ कमी धरले की काठिण्य फुगते. आपल्याच रीतीतला दोष तिच्या जनकांपैकी एकाने उघड करावा, हे शास्त्राच्या सचोटीचे लक्षण होय. दुसऱ्याच वर्षी चेंग आणि चेंग ह्यांनी गणकयंत्राच्या मर्यादेवर बोट ठेवले. वेगळ्या गुणधर्मांचे दोन पदार्थ शंकूसारख्या अणीखाली भार आणि खोलीची एकच रेषा देऊ शकतात. रेषा जुळली म्हणून पदार्थ ओळखला असे होत नाही. प्रतिरूप प्रयोगाशी जुळले, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही.

सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांस हे चटकन पटते. नस्तीतल्या आकड्यापुढे शेरा नसेल, तर तो आकडा कितीही नेटका असो, त्यावर निर्णय करू नये. आज असे लेप कारखान्यातल्या हत्यारांवर आहेत, तसे माणसाच्या शरीरात बसविलेल्या काही कृत्रिम सांध्यांवरही आहेत. त्यांच्यासोबत येणारा काठिण्याचा आकडा किती खोलीवर घेतला, लेप किती जाड होता, खाली पाया कोणता होता, हे विचारल्याखेरीज त्यास अर्थ नाही. सराफाची कानस हाच प्रश्न विचारीत होती. गणकयंत्राने दागिना न खरवडता तो विचारण्याची सोय केली. पण उत्तर तपासण्याचे काम आपल्याकडून काढून घेतले नाही.